सांगलीतील जिन्याखालचे घड्याळदुरुस्तीचे दुकान

आजोबांकडून माझ्याकडे आलेले एचएमटी ‘जनता’ हे चावीचे घड्याळ गेल्या हिवाळ्यात मी हरभट रस्त्यालगतच्या एका बोळात, जिन्याखाली काचेचे एकच टेबल मांडून बसणाऱ्या कारागिराकडे सर्व्हिसिंगला दिले. दुकानाला पाटी नाही; आसपासचे लोक ‘घड्याळवाले काका’ एवढेच म्हणतात. काम उत्तम झाले, वेळ मात्र भलताच लागला.

त्याआधी मी एका मोठ्या दुकानात गेलो होतो. तेथे घड्याळ न उघडताच ‘आतले मशीन काढून सेलचे टाकू, तबकडी रंगवून देऊ’ असे सांगण्यात आले. काकांनी पहिल्यांदा काय केले, तर मी चालवून दाखवण्यासाठी चावी देऊ लागताच माझा हात थांबवला. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या घड्याळातील तेल वाळून डिंकासारखे चिकट होते, आणि तशा अवस्थेत ते चालवत राहिले तर चाकांच्या आसांची टोके झिजतात, हे त्यांनी समजावून सांगितले. मी मात्र आदल्या आठवडाभर रोज हौसेने चावी देत होतो.

डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचे झाकण उघडले आणि ते प्रथम माझ्या हातात दिले. आतल्या बाजूस, सुईच्या टोकाने कोरलेल्या दोन बारीक तारखा होत्या: एक १९८३ ची, दुसरी १९९१ ची. दुरुस्ती करणारे कारागीर पूर्वी अशी खूण करून ठेवत. म्हणजे शेवटची सर्व्हिसिंग होऊन तीस वर्षे उलटली होती. चावीच्या दांडीवर गंज होता. २०१९ च्या महापुरात आमचे घर तीन आठवडे बंद होते. पाणी कपाटापर्यंत पोहोचले नाही, पण ओल पोहोचली असावी. बॅलन्स व्हीलचा, म्हणजे मागेपुढे झोके घेत घड्याळाची चाल ठरवणाऱ्या चाकाचा, आस मात्र शाबूत निघाला, आणि त्याचे श्रेय त्यांनी तबकडीवर छापलेल्या ‘पॅराशॉक’ या धक्कारोधक रचनेला दिले.

नंतर घड्याळ एका छोट्या यंत्रावर ठेवले गेले. हे यंत्र टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजते. ‘जनता’चे ठोके तासाला १८,००० म्हणजे सेकंदाला पाच पडतात, माझे घड्याळ दिवसाला जवळपास अडीच मिनिटे मागे पडत होते आणि बॅलन्सचा झोका १८० अंशांवर आला होता. पूर्ण चावी दिलेल्या निरोगी घड्याळात तो २७० च्या आसपास असावा लागतो.

मला सर्वाधिक आवडले ते त्यांचे नकार. तबकडी रंगवायला त्यांनी साफ नकार दिला: ‘रंगवणारा आधी जुनी अक्षरं घासून काढतो, मग ‘जनता’ कुणाच्या अक्षरात येईल सांगता येत नाही.’ घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या खोक्यावरचे क्रोमचे पाणी उडून कडांना पितळ दिसते, तेही तसेच राहू दिले. काच प्लॅस्टिकचीच असल्यामुळे बदलण्याऐवजी घासून चकचकीत केली. धुताना पॅलेटचा, म्हणजे प्रत्येक ठोक्याला चाक अडवून सोडणारा, भाग स्पिरिटमध्ये बुडवायचा नाही, कारण त्यावरचे खडे लाखेने बसवलेले असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे मला त्यांच्याकडूनच कळले. शिवाय त्या भागाच्या आसांना ते तेलच देत नाहीत. खड्यांच्या टोकांना मात्र देतात.

मेन स्प्रिंग, म्हणजे चावी दिल्यावर गुंडाळली जाऊन घड्याळ चालवणारी स्प्रिंग, बदलावी लागली. एचएमटीचे घड्याळाचे कारखाने बंद झाल्यामुळे सुटे भाग मोडक्या घड्याळांतूनच मिळवावे लागतात, पण ‘जनता’ इतकी खपलेली होती की ते अजून सापडतात.

तक्रारी दोन आहेत. तीन आठवड्यांचे काम सात आठवड्यांनी मिळाले, आणि मधल्या काळात फोन उचलला जाईल याची खात्री नव्हती. दुसरे म्हणजे, झिजलेल्या चावीच्या जागी बसवलेली चावी मूळ चावीपेक्षा किंचित मोठी आहे. ती मनगटाला टोचते, आणि बसवण्यापूर्वी मला विचारायला हवे होते. जुनी चावी आणि जुनी स्प्रिंग मात्र कागदाच्या पुडीत बांधून परत दिली. एकूण १,४०० रुपये घेतले. छापील पावती मिळत नाही, झाकणाच्या आत तिसरी तारीख कोरलेली मिळते.

घरी मी दहा दिवस मोबाइलशी ताडून पाहिले, तेव्हा घड्याळ एकंदर पावणेदोन मिनिटे पुढे गेले. पूर्ण चावीवर ते ४१ तास चालले. पावसात घालायचे नाही आणि रोज सकाळी ठरावीक वेळी चावी द्यायची, एवढ्या दोनच सूचना मिळाल्या आहेत. सेलच्या घड्याळांचे काम काका घेत नाहीत, आणि सकाळी अकराच्या आत गेल्यास टेबलावर कापड झाकलेलेच दिसेल.