हार्मोनिक्सचं मॉडेल: फ्रिक्वेन्सी डोमेन की टाइम डोमेन?

अंबड एमआयडीसीतला भाचा विचारत होता, "मामा, ड्राइव्ह वाढले, कपॅसिटर तापतायत. कोणतं मॉडेल करू?" ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण; ते ५० हर्ट्झच्या पटीतले करंट, म्हणजे हार्मोनिक्स, नेटवर्कमध्ये सोडतं. त्यांचा हिशोब दोन पद्धतींनी होतो: फ्रिक्वेन्सी डोमेन, म्हणजे प्रत्येक हार्मोनिक वेगळा सोडवणं, आणि टाइम डोमेन, म्हणजे क्षणाक्षणाचा करंट काढणं.

वेळ आणि मेहनत: फ्रिक्वेन्सी डोमेनमध्ये ड्राइव्ह म्हणजे ठरावीक करंटचा स्रोत, सहा-पल्सचा (सहा डायोडच्या रेक्टिफायरचा) असेल तर ५वा, ७वा, ११वा, १३वा हार्मोनिक. अख्खं नेटवर्क झटपट सुटतं. टाइम डोमेनमध्ये डायोडचं प्रत्येक स्विचिंग मायक्रोसेकंदांच्या पावलांनी मोजायचं. केबल, चोक (कॉइल), डीसी लिंक (ड्राइव्हमधला डीसी भाग), सगळ्याची माहिती हवी. ती आपल्याकडे कुठे असते?

अचूकता: इथे टाइम डोमेन सरस. बिघडलेलं व्होल्टेज ड्राइव्हचा करंटही बदलतं. पहिली पद्धत हे धरत नाही, म्हणून तिचा आकडा बहुधा जास्त येतो.

रेझोनन्स, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून एखादा हार्मोनिक फुगवतात ती स्थिती, मात्र कागदावरही सापडतो. ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीए, इंपीडन्स ५%, म्हणजे शॉर्ट सर्किट क्षमता २० एमव्हीए. कपॅसिटर ४०० केव्हीएआर. २०,००० ला ४०० ने भागलं की ५०, त्याचं वर्गमूळ ७.०७; रेझोनन्स ५० हर्ट्झच्या इतक्या पटीवर. सातवा हार्मोनिक, ३५० हर्ट्झ, नेमका घात!

कपॅसिटर किंवा फिल्टर ठरवायचा, तर फ्रिक्वेन्सी डोमेन पुरे. ड्राइव्हची रचना किंवा ॲक्टिव्ह फिल्टरचं (उलटा करंट सोडून हार्मोनिक्स पुसणाऱ्या उपकरणाचं) नियंत्रण तपासायचं असेल तरच टाइम डोमेन. भाच्याने आधी कॅल्क्युलेटर काढावा.