ऑफलाइन नकाशे: राधानगरी-गगनबावड्याच्या रस्त्यांवर काही महिने वापरल्यानंतर

दूध संस्थांमधील बल्क कूलरच्या, म्हणजे दूध थंड ठेवणाऱ्या टाक्यांच्या, देखभालीसाठी मला राधानगरी, भुदरगड, गगनबावडा आणि शाहूवाडी या तालुक्यांत सतत फिरावे लागते. कोल्हापुरातून बालिंग्याचा पूल ओलांडून साळवणच्या पुढे गेले की मोबाईलची रेंज येते-जाते, आणि मुख्य रस्ता सोडून एखाद्या धनगरवाड्याकडे वळले की तीही उरत नाही. गेल्या उन्हाळ्यात मी आयफोन घेतला, जुना अँड्रॉइड फोनही गाडीतच ठेवला आणि दोन्हींवर जिल्ह्याचे ऑफलाइन नकाशे उतरवून घेतले. उन्हाळा, पावसाळा आणि त्यानंतरचा गळीत हंगाम अशा तिन्ही काळांत ते वापरून झाल्यामुळे आता सविस्तर लिहितो आहे.

सोय म्हणून ही गोष्ट उत्तम चालते, हे आधीच सांगितलेले बरे. ॲपल मॅप्समध्ये हवा तेवढा चौकोन निवडून तो भाग उतरवता येतो आणि रेंज नसतानाही गाडीचा व पायी जाण्याचा असे दोन्ही मार्ग मिळतात. गुगल मॅप्सवर ऑफलाइन असताना केवळ गाडीचा मार्ग मिळतो, पायी जाण्याचा मिळत नाही. गाडी खाली लावून हत्यारांची पिशवी घेत वाडीपर्यंत चढणाऱ्या माणसाला हा फरक चांगलाच जाणवतो. दोन्हींकडे रहदारीची ताजी माहिती अर्थातच नसते, पण आमच्या भागात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेचा अंदाज नकाशापेक्षा कारखान्याच्या भोंग्यावरून अधिक चांगला येतो.

रेंज नसली की जीपीएसही बंद पडते, असा समज अजूनही अनेकांचा आहे. प्रत्यक्षात जीपीएसचा मोबाईलच्या टॉवरशी संबंध नसतो. फोन उपग्रहांचे संदेश थेट ऐकतो. इंटरनेट असले तर उपग्रहांच्या कक्षेची माहिती त्यावरून चटकन मिळते आणि फोनला आपले ठिकाण लगेच सापडते. ते नसले तर तीच माहिती उपग्रहाकडून सेकंदाला अवघ्या 50 बिट वेगाने घ्यावी लागते आणि त्याला निदान अर्धा मिनिट लागतो. त्यामुळे घाटात शिरल्यावर फोन चालू करण्याऐवजी मोकळ्या आकाशाखाली असतानाच नकाशा सुरू करावा, हे मी आता पाळतो. सांगायचे एवढेच की अडचण उपग्रहांची कधीच नव्हती. फोनमध्ये नकाशाच नसे.

आणि हा नकाशा फोनमध्ये यायला लागलेला काळ पाहिला की राग येतो. नोकियाने जानेवारी 2010 मध्ये आपल्या स्मार्टफोनवरचे दिशादर्शन मोफत केले, तेव्हाच तो नकाशा फोनच्या मेमरीत ठेवून इंटरनेटशिवाय वापरता येत होता. गुगल मॅप्सवर 2012 मध्ये ठरावीक भाग साठवता येऊ लागला, पण तो नुसता पाहण्यापुरता. रस्ता दाखवणारे ऑफलाइन दिशादर्शन अँड्रॉइडवर नोव्हेंबर 2015 मध्ये आणि आयफोनवर त्यानंतर महिन्याभराने आले. ॲपलने स्वतःचे मॅप्स सप्टेंबर 2012 मध्ये आणले आणि त्यात ऑफलाइन सोय दिली ती आयओएस 17 या आयफोनच्या प्रणालीबरोबर, सप्टेंबर 2023 मध्ये. म्हणजे अकरा वर्षे. कॉपी-पेस्टसारखी साधी गोष्टही पहिल्या आयफोनवर नव्हती आणि ती 2009 मध्ये आली, हे ठाऊक असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. त्यानंतर वर्षभराने आलेल्या विंडोज फोन 7 मध्येही ती आरंभी नव्हती, हे मात्र मला आजही उमगलेले नाही.

तंत्र अवघड होते, ही सबब ॲपलच्या बाबतीत टिकत नाही. पूर्वीचे बरेच मोबाईल नकाशे चित्रांच्या तुकड्यांचे असत आणि साठवायला फार जागा घेत. पण ॲपलचा नकाशा पहिल्या दिवसापासून व्हेक्टर पद्धतीचा, म्हणजे रेषा आणि बिंदूंच्या स्वरूपात साठवलेला होता, आणि असा नकाशा थोड्या जागेत मावतो. माझ्या मते खरे कारण एवढेच की ज्या शहरांत हे फोन घडवले जातात तिथे रेंज जात नाही, आणि जी अडचण बनवणाऱ्याला रोज बोचत नाही ती यादीत खाली सरकत राहते.

पावसाळ्यात मात्र ऑफलाइन नकाशाची मर्यादा उघडी पडली. आपल्याकडे नद्यांवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत आणि त्यांवरून दुचाकी व लहान गाड्या सर्रास जातात, म्हणून नकाशातही ते रस्ते म्हणून नोंदलेले आढळतात. दोन गावांमधले सर्वात जवळचे अंतर बहुधा अशाच एखाद्या बंधाऱ्यावरून असते आणि फोन नेमके तेच सुचवतो. जुलैत हे बंधारे पाण्याखाली जातात. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आले, किंवा करूळ घाट बंद होऊन वाहतूक भुईबावड्याने वळवली, यातले काहीही साठवलेल्या नकाशाला कळत नाही. ऑनलाइन नकाशालाही ते उशिराच कळते, पण निदान कळण्याची शक्यता असते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. त्या दिवसांत निघण्यापूर्वी मी आधी तो आकडा पाहतो आणि मगच मार्ग ठरवतो. मार्ग निवडताना पावसाळ्यात बंधारे टाळण्याचा पर्याय असता तर या भागासाठी ती सर्वात मोलाची सुधारणा ठरली असती.

पायवाटांसाठी मी ऑरगॅनिक मॅप्स ठेवले आहे. ते 2004 मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना दुरुस्त करता येणाऱ्या नकाशावर चालते, मोफत आहे आणि मुळातच ऑफलाइन वापरासाठी बनवलेले आहे. पन्हाळा ते पावनखिंड वाटेवर जाणाऱ्यांनी हेच घ्यावे. दुकाने व संस्थांची नावे त्यात कमी सापडतात, पण चुकलेले नाव आपल्याला स्वतः सुधारता येते.

शोधण्याची अडचण मात्र कायम आहे. रेंज असताना शुद्धलेखनातला फरक सर्व्हर सांभाळून घेतो. रेंज गेली की नाव नोंदीत असेल त्याच वर्णांत लिहावे लागते. कसबा वाळवे रोमन लिपीत तीन-चार प्रकारांनी लिहिले जाते आणि त्यातला एखादा प्रकार थेट सांगली जिल्ह्यातल्या वाळव्याला नेतो. म्हणून प्रत्येक संस्थेच्या दारात पोहोचल्यावर मी तिथली खूण मराठी नावासह जतन करून ठेवतो, आणि मे महिन्याच्या अखेरीस घरच्या वायफायवर सगळे नकाशे नव्याने उतरवतो. वाडीतल्या संस्थांचा शोध घेण्याचे काम आता जवळजवळ संपले आहे; बंधाऱ्यांचे तेवढे दरवर्षी नव्याने विचारावे लागते.