प्रमाणपत्र की बेंचवरची तालीम? लॅबच्या सहायक कर्मचाऱ्यांसाठी निवड करताना

ग्लासवेअर धुणारे, मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) बनवणारे, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) चालवणारे, सॅम्पल उतरवून घेणारे, कचरा वेगळा करणारे. या सगळ्यांच्या प्रशिक्षणाला वर्षाकाठी मोजकेच तास निघतात. ते कुठे घालायचे, हा प्रश्न लॅबच्या प्रमुखापुढे दरवर्षी उभा राहतो. एक वाट बाहेरच्या दोन-तीन दिवसांच्या कोर्सची. दुसरी, आठवड्याला अर्धा तास, आपल्याच बेंचवर, आपल्याच यंत्रासमोर. दोन्ही करून पाहिल्यावर माझा कल दुसरीकडे गेला आहे. तुमच्या लॅबचं गणित वेगळं असू शकतं, म्हणून कल कशामुळे गेला ते तपशिलात मांडतो.

कोर्सची मोठी जमेची बाजू ही की तिथे 'का' सांगितलं जातं. लॅबमध्ये जुन्या माणसाकडून नव्याकडे काम जातं तेव्हा हाताला सवय होते, कारण मागेच राहतं, आणि चुकाही वारशाने उतरतात. जंतू मारायला वापरतात त्या सोडियम हायपोक्लोराइटचंच घ्या, म्हणजे हायपो किंवा ब्लीच. ५ टक्क्यांच्या बाटलीतून १ भाग द्रावण आणि ९ भाग पाणी घेतलं की ०.५ टक्के तयार होतं. १ टक्का हवा असेल तर १ भागाला ४ भाग पाणी. 'दहा टक्के ब्लीच' आणि 'एक टक्का हायपो' ही एकच गोष्ट समजून वर्षानुवर्षं काम चालू राहतं, आणि सगळेच तसं करत असल्याने आतल्या कुणाला ते खटकत नाही. हायपोने भिजलेला कचरा ऑटोक्लेव्हमध्ये घालू नये, त्यातून क्लोरीन सुटतो, हेही पुष्कळांना पहिल्यांदा बाहेरच कळतं.

शिवाय कागदाची किंमत कमी लेखू नये. सहायक कर्मचाऱ्याला बढती मागायची असेल किंवा दुसऱ्या लॅबमध्ये जायचं असेल, तर 'मला येतं' यापेक्षा प्रमाणपत्राला वजन असतं. आपल्या सोयीसाठी त्याला कोर्सपासून दूर ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि काही ठिकाणी निवडीचा प्रश्नच नाही. अ वर्गातले (सगळ्यांत धोकादायक) संसर्गजन्य नमुने विमानाने पाठवायचे असतील, तर आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांनुसार पॅकिंग करणाऱ्याचं रीतसर प्रशिक्षण झालेलं असावं लागतं आणि ते २४ महिन्यांच्या आत पुन्हा व्हावं लागतं.

तरीही पारडं फिरलं ते एकाच खटकणाऱ्या गोष्टीमुळे. प्रमाणपत्र फाइलला लागलं की त्या माणसाच्या कामाकडे बघणं थांबतं. 'ऑटोक्लेव्ह हाताळणी' असं लिहिलेला कागद आला की सुपरवायझर त्या यंत्राजवळ उभा राहत नाही. खरं तर तो कागद एवढंच सांगत असतो, की अमुक तारखांना हा माणूस तिथे हजर होता.

कोर्समधलं यंत्र बहुधा स्वतःच हवा खेचून काढणारं, तापमानाचा प्रोब थेट बाटलीत सोडता येणारं असतं. तुमच्याकडचं उभं, गेज आणि व्हॉल्व्हचं असू शकतं. माणूस परत येताना एक आकडा घेऊन येतो: १२१ अंश, १५ पाउंड दाब, १५ मिनिटं. आकडा चूक नाही, पण ती १५ मिनिटं मोजायची ती आतला माल १२१ अंशांवर पोहोचल्यापासून. चेंबर १२१ दाखवतं तेव्हा १०० मिलीची बाटली थोडी मागे असते, २ लिटरचा फ्लास्क खूपच मागे असतो. दुसरी गफलत हवेची. वाफेचा सलग झोत येईपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवला नाही, तर हवा आत अडकते. गेजवर १५ पाउंड दिसतात, कारण त्या दाबात हवेचाही वाटा असतो, पण तापमान १२१ च्या खालीच राहतं. पाकिटाला लावलेल्या ऑटोक्लेव्ह टेपवरच्या पट्ट्या काळ्या होतात, त्याचा अर्थ पाकिटाला उष्णता लागली एवढाच. रजिस्टर भरलेलं, टेप काळी, आणि दोन दिवसांनी कोऱ्या प्लेटांवर जंतूंची वाढ. मग शोध घेतला जातो तो लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात), ओतणाऱ्याच्या ग्लव्हजमध्ये, पाण्यात. ऑटोक्लेव्हवर शेवटपर्यंत संशय जात नाही, कारण तिथला माणूस 'प्रशिक्षित' असतो.

'मग वेळ दुप्पट करा' हा सल्लाही घातक. जास्त शिजलेल्या मीडियातली साखर करपते, पीएच घसरतो, अगार (मीडिया घट्ट करणारा पदार्थ) नीट घट्ट होत नाही. खरा उपाय मालाच्या मांडणीत आहे. शक्यतो ५०० मिलीपर्यंतच्या बाटल्या, दोन-तृतीयांश भरलेल्या, झाकणं सैल, बाटल्यांमध्ये वाफेला वाट, आणि द्रवासाठी दाब हळूहळू उतरवणं. दाब झटकन सोडला की मीडिया उकळून बाहेर येतो. हे तुमच्या यंत्रात, तुमच्या बाटल्यांवर किती मिनिटांत साधतं, ते दुसऱ्याच्या यंत्रावर शिकता येत नाही.

बेंचवर हाच धडा असा होतो. नेहमीचा सगळ्यांत भरगच्च माल लावायचा. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला चिवट जंतूच्या बीजाणूंची बंद अँप्यूल, त्याच मापाच्या पाण्याच्या फ्लास्कमध्ये दोऱ्याने सोडून, मधोमध ठेवायची. सायकल नेहमीसारखीच चालवायची. मग ती अँप्यूल आणि ऑटोक्लेव्ह न केलेली दुसरी, दोन्ही ५५ ते ६० अंशांवर उबवायच्या. दुसरीत वाढ, म्हणजे रंगातला बदल, दिसलीच पाहिजे, नाहीतर चाचणीच बाद. हे सगळं कर्मचाऱ्याने स्वतः करायचं, निकालही त्यानेच वाचायचा. पहिलीतही रंग बदलला तर 'मोठ्या फ्लास्कला जास्त वेळ का' हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

बेंचवरची तालीम म्हणजे 'शेजारी उभं राहून बघ' असा प्रकार मात्र नव्हे. तसं असेल तर कोर्स बरा. एका वेळी एकच काम घ्यायचं. आधी बोलत करून दाखवायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं, मग वेगवेगळ्या तीन दिवशी तो एकटा करताना गप्प बघायचं आणि एका पानावर टिपायचं. शेवटी मुद्दाम पेरलेली चूक. ही चौथी पायरीच बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोलाची.

सॅम्पल रिसेप्शनसाठी पेरायला भरपूर आहे. सायट्रेटची (रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणाची) अर्धीच भरलेली नळी ठेवा. रक्त आणि सायट्रेटचं ९:१ प्रमाण बिघडलं की गोठण्याची वेळ खोटीच लांबते, म्हणून ती नळी नाकारायला हवी. फॉर्मवर एक नाव आणि नळीवर दुसरं ठेवा. 'ईडीटीएच्या नळीतलं रक्त साध्या नळीत ओतलं तर काय होईल?' असं विचारा. ईडीटीए हेही रक्त गोठू न देणारं रसायन. पोटॅशियम वाढलेलं येतं आणि कॅल्शियम घटलेलं, हे उत्तर ज्याला देता येतं तो कुणाच्याही घाईपुढे तसं ओतणार नाही.

मीडियासाठी म्युलर-हिंटनची, म्हणजे अँटिबायोटिक तपासण्याच्या मीडियाची, प्लेट घ्या. जाडी ४ मिमी हवी. ९० मिमीच्या प्लेटला त्यासाठी साधारण २५ मिली लागतात. ओतताना अगार ४५ ते ५० अंशांवर आणि टेबल सपाट. महिन्यातून एक प्लेट कापून पट्टीने जाडी मोजायला लावा. पातळ प्लेटवर अँटिबायोटिकचा झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ) मोठा दिसतो आणि प्रतिरोधक जंतू संवेदनशील वाटू शकतो. मीडिया ओतणाऱ्याला हा धागा कुणी जोडून दिलेला नसतो. तो कळल्यावर 'थोडं कमी पडलं तर चालतं' हे बोलणं बंद होताना मी पाहिलं आहे.

पिपेट हाताळणाऱ्यांसाठी वजनकाटा पुरेसा आहे. १००० मायक्रोलिटरवर दहा वेळा पाणी सोडायचं. २२ अंशांना आलेल्या मिलिग्रॅमला १.००३३ ने गुणलं की मायक्रोलिटर मिळतात. आयएसओ ८६५५ या पिपेटच्या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये या मापाच्या पिपेटला सरासरीत ८ आणि विखुरणीत ३ मायक्रोलिटरची मुभा आहे. सरासरी बरोबर पण आकडे विखुरलेले असतील तर आधी हात बघा: अंगठा झटकन सुटतो, टिप आधी ओली केलेली नाही, टिप कधी खोल तर कधी वरच. आकडे एकमेकांजवळ पण सगळेच सरकलेले असतील तर तीच पिपेट दुसऱ्याच्या हाती द्या. त्याच्याकडेही तसंच आलं तर पिपेट कॅलिब्रेशनला पाठवा. फक्त पहिल्याकडेच जास्त येत असेल, तर तो भरताना बटण पहिल्याऐवजी दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबतो का ते बघा.

आयएसओ १५१८९ या वैद्यकीय लॅबच्या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीतही प्रशिक्षणाच्या नोंदींवर भागत नाही. कर्मचाऱ्याच्या सक्षमतेचं मूल्यांकन किती काळाने करायचं हे लॅबने ठरवावं लागतं. वर सांगितलेली ती पानं, तारखांसह, या कामी थेट येतात. कोर्सचं प्रमाणपत्र तिथे पुरवणी म्हणून शोभतं.

आता या वाटेची किंमत. सुपरवायझरचा वेळ जातो, आणि गर्दीच्या दिवशी पहिला रद्द होतो तो हाच अर्धा तास. दोन आठवडे बुडाला की तिसऱ्या आठवड्यात त्याची आठवणही कुणाला राहत नाही. म्हणून वार आणि वेळ ठरलेली हवी, आणि बुडालेला धडा पुढच्या आठवड्यात तसाच घ्यायचा. दुसरी अडचण सहीची. शिकवणाराच सही करतो तेव्हा हात सैल सुटतो. शेवटचं निरीक्षण दुसऱ्या विभागातल्या अनुभवी माणसाकडून करून घेतलं तर हे टळतं. जुन्या चुकांचा वारसा हा धोकाही खराच, त्यामुळे धड्याआधी एसओपी (कामाची लेखी ठरलेली पद्धत) आणि उत्पादकाचं मॅन्युअल शेजारी ठेवून एकदा वाचावं.

ऑनलाइन मॉड्यूलबद्दल थोडक्यात: जैवसुरक्षेची मूळ कल्पना आणि रसायनांवरची चिन्हं शिकायला ठीक. हाताच्या कामाला त्याचा उपयोग मला जवळपास दिसला नाही.

लॅबमध्ये शिकवू शकेल असं कुणीच नसेल, किंवा सगळा विभाग नवा असेल, तर आधी कोर्सच घ्यावा. तसं नसेल तर तासांचा मोठा वाटा बेंचला द्यावा आणि कोर्सला आळीपाळीने एकेकाला पाठवावं. जाताना त्याच्या हाती आपल्या यंत्राचा फोटो, नेहमीच्या मालाची यादी आणि लिहिलेले पाच प्रश्न द्यावेत. तो परत येईल त्या आठवड्याचा अर्धा तास त्याचा: शिकवणारा तो, आणि प्रमाणपत्र फाइलला लावण्याआधी एक सायकल आपल्या यंत्रावर, आपल्यासमोर.