मलाशयाचा एमआरआय: दोन केंद्रांतला फरक

लेथवर एकतीस वर्षं काढली. मापाच्या बाबतीत मी हट्टी आहे, आणि हा अभिप्रायही मापाबद्दलच आहे.

मला मलाशयाचा कॅन्सर निघाला. कोलोनोस्कोपीत गाठ दिसली, तुकडा तपासून निदान पक्कं झालं. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसं आणि यकृत स्वच्छ आलं. मला वाटलं, आता थेट ऑपरेशन. पण सर्जन म्हणाले, "आधी एमआरआय. गाठ आहे हे कळलंय, ती कुठवर गेलीय ते बघायचंय."

पहिल्या केंद्रात दुसऱ्याच दिवशी नंबर लागला. वीस मिनिटांत बाहेर, संध्याकाळी रिपोर्ट हातात. त्यात गाठीबद्दल दोन ओळी होत्या: मलाशयाची भिंत जाड आहे, कोलोनोस्कोपीशी पडताळून पाहावे. सर्जननी चित्रं पाहिली आणि म्हणाले, "यावरून मी काही ठरवू शकत नाही." ओटीपोटाचा सरसकट करतात तसा स्कॅन केला होता. काप जाड, आणि शरीराला सरळ आडवे घेतलेले. मलाशय तर माकडहाडाच्या बाकाप्रमाणे वळत जातं. गोल पाइप तिरका कापला की कड लांबट येते आणि भिंत आहे त्याहून जाड दिसते. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या केंद्रातलं मशीनही तसंच, १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप). फरक टेबलावर झोपायच्या आधीच जाणवला. तंत्रज्ञ मुलीने माझं काम विचारलं आणि लगेच पुढचा प्रश्न केला, "काका, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?" दोनदा गेला होता. तिने आधी डोळ्यांचा एक्स-रे काढायला लावला. आत कण राहिला असेल आणि चुंबकाच्या ओढीने हलला, तर नजर जाऊ शकते. पहिल्या ठिकाणी फक्त फॉर्मवर सही घेतली होती. तो प्रश्न कुणीच विचारला नाही याची मला अजून धास्ती वाटते.

मग रेडिओलॉजिस्ट मॅडम कोलोनोस्कोपीचा कागद घेऊन स्वतः आल्या. गाठ गुदद्वारापासून किती अंतरावर, कुठल्या बाजूला, सगळं वाचून घेतलं. आतड्याची हालचाल काही वेळ थांबवायचं इंजेक्शन देण्याआधी काचबिंदू आणि हृदयाचा त्रास आहे का ते विचारलं. आतडं हललं की चित्र पुसट येतं. मी विचारलं, "कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसायला शिरेतून देतात ते औषध, नाही देणार?" म्हणाल्या, "तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याशिवाय मिळतं."

माझ्या बहिणीच्या अंडाशयातल्या गाठीला मात्र इथेच कॉन्ट्रास्ट दिलं होतं. तिथे गाठीचा घट्ट भाग ते औषध किती लवकर आणि किती शोषतो, हे गर्भाशयाच्या स्नायूशी ताडून बघतात. त्याआधी दुसरी एक युक्ती केली होती. चरबी आणि जुनं रक्त, दोन्ही एका प्रकारच्या चित्रात पांढरं दिसतं. चरबीचा सिग्नल दाबला की चरबी काळी पडते, रक्त पांढरंच राहतं. तिची गाठ काळी पडली, म्हणजे डर्मॉइड, चरबी असलेली, सहसा कॅन्सर नसलेली गाठ. तेवढीच गाठ काढली, अंडाशय राखलं.

माझा स्कॅन चाळीस मिनिटं चालला. कानात बोळे असूनही ठणठणाट असतो, खोली गार असते, पण हातात दाबायला घंटेचा फुगा असतो. मला तो लागला नाही. आधी बाजूने चित्रं घेऊन गाठीचा अक्ष ठरवला आणि मग त्या अक्षाला काटकोनात ३ मिलिमीटरचे काप घेतले.

रिपोर्टला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत घरी कुणी धड झोपलं नाही, पण रिपोर्ट दोन पानांचा होता. गाठीची लांबी, घड्याळाच्या काट्याप्रमाणे जागा, स्नायूच्या थराबाहेर ४ मिलिमीटर, म्हणजे टी३बी (गाठ किती खोल गेली त्याची पायरी). बाहेरच्या शिरांमध्ये शिरकाव नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं माप: मलाशयाभोवती चरबीचं वेष्टन असतं, त्यावरच्या पातळ पापुद्र्यापासून गाठ १ मिलिमीटरपेक्षा कमी अंतरावर. सर्जननी कागदावर वर्तुळं काढून दाखवलं. ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे ते वेष्टन अख्खं, न फाडता काढतात. गाठ कडेला टेकली असेल तर तिचा अंश मागे राहून रोग पुन्हा उलटायची भीती. आमच्या कामात मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तरी जॉब भंगारात जातो, त्यामुळे हे मला नेमकं कळलं. ऑपरेशन पुढे ढकललं. आधी रेडिएशन आणि केमो.

लसिकाग्रंथींबद्दल रिपोर्ट ठाम नव्हता. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की नुसत्या आकारावरून खात्री देता येत नाही, कड आणि आतला पोत बघूनही शंका उरते. असं खरं सांगितलेलं मला आवडलं. एक तक्रार मात्र आहे: रिपोर्टात रुग्णाला समजेल अशी एकही ओळ नाही. शेवटी चार ओळी साध्या भाषेत लिहिल्या तर फार आधार होईल.

तुम्हाला हाच स्कॅन सांगितला असेल तर नंबर लावायच्या आधी फोनवर विचारा: मलाशयाच्या कॅन्सरसाठी स्कॅनची वेगळी ठरलेली पद्धत (प्रोटोकॉल) वापरता का, काप गाठीला काटकोनात घेता का? उत्तर द्यायला चाचरले तर दुसरीकडे जा. टेस्लाचा आकडा नंतर विचारा.

आणि सीडी जपून ठेवा. उपचार संपल्यावर आठ आठवड्यांनी मी परत गेलो, तेव्हा मॅडमनी दोन्ही वेळची चित्रं शेजारी लावली. गाठीच्या जागी बहुतेक काळपट व्रण, मध्ये एक बारीक ठिपका अजून उजळ. तो नसता तर कदाचित नुसतं नजरेखाली ठेवता आलं असतं. ठिपका होता म्हणून ऑपरेशन झालं. पण पापुद्र्यापासूनचं अंतर आता ४ मिलिमीटर होतं, आणि पॅथॉलॉजीच्या कागदावर कड स्वच्छ आली.