जुन्या गाडीचा ऑटो एसी : दुरुस्तीनंतरचे आठ महिने

मी सेकंड हँड गाडी घेतली तेव्हा ती बारा वर्षांची होती. इंजिन, गिअर, सस्पेन्शन सगळं पारखून घेतलं. एसीचं मात्र बटण दाबलं, गार हवा आली, तेवढ्यावर समाधान मानलं. पुढे त्यात बरीच पायपीट झाली. दुरुस्तीनंतर आठ महिने गाडी वापरून मगच हे लिहितो आहे.

तक्रार अशी होती. ऑटोवर (लावलेलं तापमान एसी स्वतःच राखतो तो मोड) २४ अंश लावले की पहिली दहा मिनिटं हवा छान गार यायची. मग डॅशबोर्डच्या आतून टकटक आवाज सुरू व्हायचा आणि हवा कोमट व्हायची. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की परत गार. मेकॅनिकने गाडी बंद असतानाच गेज लावलं, ‘गॅस कमी आहे’ म्हणाला आणि भरून दिला. तीन दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या मेकॅनिकनेही गॅसच भरला.

बंद गाडीच्या दाबावरून गॅस किती आहे ते कळतच नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आर-१३४ए हा एसीतला गॅस सर्किटमध्ये द्रव आणि वायू अशा दोन्ही रूपांत असतो. थोडाही द्रव शिल्लक असेपर्यंत बंद गाडीतला दाब फक्त तापमानावर ठरतो. ३० अंशांना तो साधारण ९७ पीएसआय भरतो, मग आत तीनशे ग्रॅम असो की पाचशे. खरं प्रमाण कळायचं तर मशीनने गॅस बाहेर काढून वजन करावं लागतं. किती हवा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं. माझ्या स्टिकरवर ५०० होतं. तिसऱ्या ठिकाणी वजन केलं तर ६४० निघाला! गॅस जास्त झाला तरी कूलिंग घटतं, म्हणजे दोन्ही वेळा पैसे देऊन मी बिघाडात भरच घातली होती.

गॅस मापात आला तरी टकटक आणि कोमट हवा होतीच. मग हवा कोमट असतानाच बॉनेट उघडलं. एसीचा जाड पाइप थंडगार, घाम सुटलेला, बारीक पाइप गरम. म्हणजे गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर त्याचं काम करत होता. मग ही ऊब येते कुठून?

बहुतेक ऑटो एसीत हवा आधी कूलिंग कॉइलवरून जाऊन गार होते. पुढे एक फ्लॅप तिच्यातली हवी तेवढी हवा हीटरच्या छोट्या रेडिएटरवरून फिरवतो आणि या मिश्रणातून आपण लावलेलं तापमान साधलं जातं. फ्लॅप हीटरकडे उघडा अडकला, तर कॉम्प्रेसर कितीही राबला तरी उपयोग नाही. याची खात्री करायची युक्ती सोपी आहे. इंजिन थंड असताना हीटरच्या रबरी पाइपला गोल तोंडाचा क्लॅम्प लावून आतलं गरम कूलंट अडवायचं. (जुनं रबर कडक झालं असेल तर हा प्रयोग करू नका, पाइप चिरतो.) मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर खोचून ठेवला होता. आधी हवा कोमट झाली की तो २१ दाखवायचा, आता ८ च्या वर गेलाच नाही. इतक्या भटकंतीनंतर पहिल्यांदा खरं उत्तर हातात आलं, त्याचा आनंद अजून आठवतो.

ग्लोव्ह बॉक्स काढल्यावर फ्लॅपचा ॲक्च्युएटर दिसला. छोटी मोटर, प्लॅस्टिकची गिअरं, त्यातल्या एकाचे दोन दात गेलेले. टकटक त्याचीच होती. नवा बसवल्यावर त्याला फ्लॅपची दोन्ही टोकं ओळखू द्यावी लागतात. माझ्या गाडीत बॅटरीचं टर्मिनल दहा मिनिटं काढून ठेवणं पुरलं, काही गाड्यांना स्कॅनर लागतो.

दुसऱ्याच दिवशी उलट तक्रार सुरू झाली. गाडी गारठली तरी ब्लोअर फुल स्पीडवरच. डॅशबोर्डवर एक बारीक जाळी असते. तिच्यातून केबिनची हवा ओढून आतला सेन्सर तापमान मोजतो. टिश्यू पेपरचा कपटा जाळीवर धरला तर तो चिकटायला हवा. माझा खाली पडला. फिटिंग करताना जाळीमागची नळी निसटली होती, त्यामुळे सेन्सर डॅशबोर्डच्या आतली गरम हवाच मोजत बसला होता. नळी खोचली, ब्लोअर शांत झाला.

त्यानंतर आठ महिन्यांत गॅसला हात लावलेला नाही. बाहेर ३६ अंश असताना, रीसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवत) आणि सर्वांत कमी तापमानावर, चालत्या गाडीत व्हेंटवर ७ ते ९ मिळतात. २४ लावले की केबिन खरंच २४ च्या आसपास राहते आणि पावसात काचेवरचं धुकं लवकर उतरतं. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन पूर्ण तापू द्या, मग तापमान १८ वरून ३० पर्यंत आणि परत खाली हळूहळू न्या. हवा दर टप्प्याला बदलली पाहिजे आणि डॅशबोर्डमधून टकटक येता कामा नये. हे मी केलं असतं तर बिघाड पहिल्याच दिवशी सापडला असता.

एक गोष्ट अजून राहिली आहे. गाडी बराच वेळ उभी राहिली की व्हेंटवर १४ होतात आणि निघाल्यावर पुन्हा ८. गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या दोन फॅनपैकी एक मंद फिरतो आहे. आता त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजणार आहे. तिथे पुरेसा मिळत असेल तर फॅनची मोटर बदलायची, नाहीतर वायरिंग आणि रिले तपासायचे.