स्टीलचं बोंडलं आणि बाळाचं पोट: सात महिन्यांच्या वापरानंतर

मुलगी झाली फाल्गुनात, होळीच्या आठवड्यात. आता कोजागरी आली, म्हणजे सात महिने झाले. या सात महिन्यांत तिच्या पोटासाठी घरात काय काय आलं ते मोजायला बसले तर फडताळाचा एक खण भरेल: दुधाची बाटली, पावडरचा डबा, ग्राइप वॉटर, गॅसचे थेंब, बाळगुटीची डबी, हाताने चालवायचा पंप आणि बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी. त्यातलं बोंडलं रोज वापरात राहिलं, पंप बऱ्यापैकी राहिला, बाकी सगळं पडून आहे. म्हणून हा अनुभव मुख्यतः बोंडल्याचा आहे. पण ते हातात येईपर्यंत आम्ही जे भोगलं ते सांगितल्याशिवाय त्याची किंमत कळणार नाही.

आम्ही देवगड तालुक्यातले. मुलीचं जन्माचं वजन २ किलो ६०० ग्रॅम. पहिले दोन दिवस ती नुसती झोपायची, छातीला धरली की दोन घोट ओढून डोळे मिटायची. वॉर्डातल्या सिस्टरनी हाताने चीक काढून वाटी-चमच्याने पाजायला शिकवलं. तिसऱ्या दिवसापासून ती नीट ओढायला लागली आणि आम्ही घरी आलो.

तिसऱ्या आठवड्यात रडणं सुरू झालं. दिवेलागणीला सुरू व्हायचं ते रात्री दहापर्यंत. पाय पोटाशी घ्यायची, मुठी आवळायची, तोंड लालबुंद. दृष्ट काढून झाली, मीठ-मोहरी झाली. नाभीभोवती हिंगाचा लेप झाला. मला फणस बंद, वाटाणे बंद, कुळथाची पिठीसुद्धा बंद, कारण आईने वातूळ खाल्लं की बाळाचं पोट फुगतं म्हणे. देवगडात राहून ऐन हंगामात आंब्याची फोडही कुणी देईना. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगो, चेडवाक दूद पुरणा नाय तुझा." त्यांच्या बोलण्यात माया होती, पण ते वाक्य मला आतपर्यंत लागलं. मी रात्रभर रडले आणि दुसऱ्या दिवशी पावडरचा डबा आणि बाटली घरात आली.

बाटलीने ती सात-आठ मिनिटांत सगळं संपवायची. पहिले दोन दिवस सगळ्यांना हायसं वाटलं. मग शी घट्ट झाली, खडे पडायला लागले, जोर करताना तिचा जीव कासावीस व्हायचा. रडणं तर तसूभर कमी झालं नाही. आणि जे मला सर्वांत जास्त लागलं ते हे, की छातीला घेतलं की ती तोंड फिरवायची. बाटलीतून दूध आपोआप येतं, छातीतून ओढावं लागतं. तिने सोपं ते निवडलं. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं मी नंतर वाचलं, की आईचं दूधच उत्तम. आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे, या पावडरींची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करता येत नाही. तरी माझ्या ओळखीत प्रत्येकीला कुणी ना कुणी पहिल्या महिन्यातच पावडर सुचवली आहे. आमच्याकडे आणखी एक चूक होत होती. चमचा सपाट भरायचा असतो, आम्ही शिगोशीग भरत होतो. दाट दूध जास्त पौष्टिक, अशी समजूत. पाण्याचं प्रमाण बिघडलं की पोट बिघडणारच.

सहा आठवड्यांच्या लसीला गेलो तेव्हा बालरोगतज्ज्ञांना सगळं सांगितलं. त्यांनी रडण्याबद्दल काहीच विचारलं नाही. आधी विचारलं, दिवसातून लघवी किती वेळा, आणि वजनाची नोंद कुठे आहे. आशाताई घरी येऊन वजन करून जायच्या. २८ व्या दिवसाची नोंद होती ३ किलो २० ग्रॅम. पहिल्या काही दिवसांत सगळीच बाळं थोडी उतरतात, ती घट भरून यायला दोन आठवडे लागू शकतात, आणि त्यानंतर दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ म्हणजे छान. डॉक्टर म्हणाले, "ही नोंद पावडर सुरू व्हायच्या आधीची आहे ना? मग दूध पुरतच होतं." एवढं एक वाक्य. मी तिथेच खुर्चीत बसून रडले. सासूबाईंनी पाठीवर हात ठेवला, बोलल्या काहीच नाहीत.

मग डॉक्टरांनी समजावलं. दिवसाला ३ तासांहून जास्त, आठवड्यातून ३ दिवसांहून जास्त आणि असं ३ आठवडे चाललं, पण बाळ वाढतंय आणि बाकी ठणठणीत आहे, तर त्याला कॉलिक म्हणतात. सहाव्या आठवड्याच्या आसपास ते सर्वांत जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेकांचं आपोआप थांबतं. आईच्या पोटातला वायू दुधात उतरत नाही, तेव्हा फणस खा, पिठी खा. एका बाजूचं दूध पूर्ण पिऊ दे, मगच दुसरी बाजू. मी दर पाच मिनिटांनी बाजू बदलत होते. त्यामुळे तिला सुरुवातीचं पातळ, साखरेचं दूधच जास्त मिळायचं आणि हिरवट, फेसाळ शी व्हायची. हे बदलल्यावर आठवड्याभरात शीचा रंग पिवळा झाला.

शेजारच्या वहिनींनी त्यांच्या मुलाचे उरलेले पोटदुखीचे थेंब प्रेमाने दिले होते. ते पिशवीतून काढून दाखवले तर डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं, डायसायक्लोमिन, आणि बाटली स्वतःकडेच ठेवून घेतली. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हे औषध द्यायचंच नसतं, श्वास अडकू शकतो. ज्यांच्या घरी असे उरलेले थेंब असतील त्यांनी आज उठून नाव वाचा. सिमेथिकोनचे, म्हणजे गॅसचे, थेंब तितके घातक नाहीत, पण त्यांनी रडणं कमी होतं असंही नाही, आम्हाला तर काहीच फरक दिसला नाही. ग्राइप वॉटर १८५१ मध्ये इंग्लंडात निघालं, तेव्हा त्यात चक्क मद्यार्क असायचा. आता नसतो. गोड लागतं म्हणून बाळ क्षणभर गप्प होतं, इतकंच. सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणीसुद्धा नको, मेच्या उकाड्यातही नको, हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं.

आता बोंडलं. पावडर हळूहळू तोडायची होती आणि बाटली एकदम बंद करायची होती. छातीला घेतल्यावर जेवढं कमी पडेल तेवढं माझंच काढलेलं दूध वरून पाजायचं ठरलं. सासूबाईंनी पेटीतून त्यांच्या सासूचं चांदीचं बोंडलं काढलं. फार सुरेख आहे ते, पण त्याची चोच म्हणजे बंद नळी. आतून हात पोचत नाही, ब्रश पोचत नाही. मी उजेडाकडे धरून पाहिलं तर जोडापाशी पिवळट कपची दिसली, वास घेतला तर आंबूस. चांदीत जंतू वाढत नाहीत असं म्हणतात, त्यावर विसंबून मी तान्ह्या बाळाला दूध पाजणार नाही. ते घासूनपुसून देवघरात ठेवलं.

स्टीलचं कणकवलीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात १४० रुपयांना मिळालं. पसरट वाटी आणि वरून उघडी, पन्हळीसारखी चोच. घेताना एक गोष्ट नक्की करा. चोचीच्या टोकावरून कापसाचा बोळा फिरवा. कापसाचा तंतू अडकला तर तिथे धार आहे, ती बाळाच्या ओठाला लागणार. मी दुकानात तीन बोंडली बाजूला ठेवली, चौथं घेतलं. दुकानदाराने तक्रार केली नाही.

पाजायची पद्धत शिकायला आठवडा गेला. आमच्याकडे जुनी रीत म्हणजे बाळाला मांडीवर आडवं घालून वरून धार सोडायची. पहिल्याच दिवशी तिला जोरात ठसका लागला, नाकातून दूध आलं, आणि मी घाबरून बोंडलं खाली टाकलं. मग आशाताईंनी दाखवलं. बाळ पूर्ण जागं हवं. मान आणि पाठ हाताच्या आधाराने उचलून जवळजवळ बसतं धरायचं. चोच ओठांच्या कोपऱ्यावर नुसती टेकवायची, जिभेवर घालायची नाही. थोडं ओतायचं, गिळेपर्यंत थांबायचं, मग पुढचं. सासूबाईंचा हात माझ्यापेक्षा लवकर बसला. त्या मला सांगायच्या, "घाय करू नको, ता गिळता तेवढाच घालूचा." गिळताना तिच्या गळ्यापाशी बारीकसा टक् असा आवाज येतो. आम्ही दोघी तो आवाज ऐकूनच पुढचं ओतायला शिकलो.

फायदा मला इथे दिसला. वेग बाळाच्या हातात राहतो, बाटलीसारखी हवा पोटात जात नाही. पंधरा-वीस मिनिटं लागतात, मध्ये दोनदा खांद्यावर घेऊन ढेकर काढता येतो. तोंडाला रबराची सवय लागत नाही, म्हणून दहा-बारा दिवसांत ती छातीला पुन्हा पहिल्यासारखी ओढायला लागली. तीन आठवड्यांत पावडर पूर्ण सुटली. रडणं बोंडल्याने थांबलं असं मी म्हणणार नाही. ते त्याच्या वेळेनेच, आषाढाच्या आधी कधीतरी ओसरलं. तोवर कामी आलं ते संध्याकाळी तिला हातावर पालथं घेऊन अंगणात फेऱ्या मारणं, नाभीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलका हात फिरवणं आणि सायकल चालवल्यासारखे पाय हलवणं. ते काम बहुतेक मुलीच्या बाबांनी केलं.

त्रासही सांगते. दूध सांडतं, विशेषतः पहिला महिना. गळ्याखाली कापड हवंच, नाहीतर मानेच्या घडीत ओल राहून लाल होतं. बोंडल्यात एका वेळी तीसेक मिली मावतं, खुणा नसतात, म्हणून किती प्यायली ते आधी मापाच्या पेल्यात बघावं लागतं. प्रत्येक वेळी साबणाने धुऊन दहा मिनिटं उकळायचं. रात्री दोनला हे जड जातं. मी दोन बोंडली ठेवली, हा उपाय आधीच करायला हवा होता.

चौथ्या महिन्यात मी पतसंस्थेतल्या कामावर परत गेले, तेव्हा पंपाची खरी परीक्षा झाली. हाताने दाबायचा पंप, पंधरा मिनिटांत सत्तर-ऐंशी मिली. वापराच्या तिसऱ्या महिन्यात त्याची रबरी झडप फाटली, सुटी मिळेना, आठ दिवस नुसत्या हाताने काढलं. तेही जमतं, गरम फडक्याने आधी शेक घ्यायचा. आषाढ-श्रावणात आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून फ्रिजवर भरवसा ठेवला नाही. काढलेलं दूध बाहेर चार तास चालतं म्हणतात, ते थंड हवेचं. मी दमट दिवसांत तीनच तास धरले, बाकी बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये. गरम करायचं ते कोमट पाण्याच्या वाटीत ठेवून, गॅसवर नाही. बोंडल्यात उरलेलं परत ठेवायचं नाही, सासूबाईंना ते टाकताना फार वाईट वाटायचं.

बाळगुटीवरून मात्र घरात बोलाचाली झाली. सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड उगाळून देणं हे सासूबाईंच्या दृष्टीने बाळाचं लाड करणं होतं. मी त्यांच्यासमोरच डबी उघडली. पावसात मुरुडशेंगेवर पांढरी बुरशी धरली होती. त्यांनी स्वतः डबी बाहेर ठेवली. मध तर वर्षाच्या आत बोटभरही नको, त्यातून बोटुलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो. पावडर सुटल्यावर एकदा पाच दिवस शी झाली नाही तेव्हा विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावायचं ठरत होतं. तेही मी करू दिलं नाही. फक्त आईच्या दुधावरचं बाळ महिना-दीड महिन्यानंतर आठवडाभरही शी न करता राहू शकतं, शी मऊ असली आणि पोट मऊ असलं की झालं. सहाव्या दिवशी झाली, अगदी मऊ.

थोडं दूध टाकणं, त्यात दह्यासारख्या कवड्या दिसणं, याला घाबरू नका. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप कच्ची असते, वर्षापर्यंत घट्ट होते. पण हिरवी उलटी, शीत रक्त, पिचकारीसारखी दूरवर जाणारी उलटी, दिवसात सहापेक्षा कमी लघव्या, वजन न वाढणं, तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असली तरी गाडी काढा. आमच्याकडून मोठं रुग्णालय दीड तासावर आहे, म्हणून हे मी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं.

गणपतीत सहा महिन्यांना दहा दिवस कमी होते. घर पाहुण्यांनी भरलेलं, प्रत्येकाला तिच्या ओठाला खीर लावायची होती. त्या दहा दिवसांत तिला सांभाळून सासूबाईच बसल्या, कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. उष्टावण घटस्थापनेला केलं. नाचणीचं सत्त्व आणि उकड्या तांदळाची घोटलेली पेज वाटी-चमच्याने देतो, चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकी दाट. हे बोंडल्यातून देऊ नका. चोचीतून जाईल इतकं पातळ केलं तर त्यात पाणीच जास्त राहतं.

काढलेलं दूध मी कामावर असताना अजून बोंडल्यातूनच जातं, आता ती स्वतः दोन्ही हातांनी चोच धरायला बघते. पुढच्या महिन्यापासून छोटा पेला सुरू करणार आहोत. दोनातलं एक बोंडलं नणंदेला दिलं, तिचे दिवस मार्गशीर्षात भरतात. उकळून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून दिलं, आणि सासूबाईंनी तिला पाटावर बसवून, उशी मांडीवर घेऊन, बाळ कसं धरायचं ते दाखवलं.