वणव्याला हेलिकॉप्टर की ब्लोअर?
“काका, ठरावात काय लिहू?” वन समितीतल्या पुतण्यानं विचारलं.

आधी वेळ बघ. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. मोहफुलं वेचायला कुणी झाडाखालचा पाला पेटवतो, वारं सुटतं नि जंगल पेट घेतं. तेव्हा पाठीवर ब्लोअर, म्हणजे जोरात हवा फेकणारं यंत्र, अडकवून पाच जण निघाले की पाला बाजूला उडवत मातीचा पट्टा उघडा करतात. आग तिथवर येते नि खायला काही नसल्यानं बसते. पाणी लागतच नाही, पेट्रोल तेवढं हवं.

हवाई दलाचं एमआय-१७ खाली लटकवलेल्या बादलीतून एका खेपेत सुमारे ३,५०० लिटर पाणी टाकतं. पण बादली बुडेल असं खोल पाणी जवळ हवं, आणि मे महिन्यात आपले तलाव तळाला गेलेले. खर्च तर विचारूच नको. वरून पाणी पडलं तरी ओंडके आतून धुमसतात. ते विझवायला माणसंच लागतात.

गावालगतच्या पालापाचोळ्याच्या आगीला ब्लोअर नि वेळेत काढलेली जाळरेषा (गवत-पाला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा), हेच लिही. मेळघाटातल्या उभ्या कड्यावर माणूस चढू शकत नसेल किंवा कुणी आगीत अडकलं असेल, तर मात्र कलेक्टरसाहेबांकडे हेलिकॉप्टरच मागायचं.